आजोळचा हौद आणि नाव हरवलेला वजीर

आमच्या आजोळच्या वाड्यात मागच्या चौकात एक हौद होता. दगडी, चौकोनी, वर फळ्यांचं झाकण. आजी सांगायची, आत आसरा असतात, डोकावलात तर पाय धरून ओढतात. त्यामुळे नगरच्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी त्या हौदापासून चार हात लांब राहून काढल्या. दादा मात्र फळी सरकवून आत गोट्या टाकायचा आणि कान लावून 'टुबुक' ऐकायचा.

मामानं वाडा विकला, त्यालाही आता बारा वर्षं होतील. मध्यंतरी दादाचा फोन आला. तो पुण्यात वाघोलीला राहतो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणजे त्याचं निम्मं आयुष्य टँकरवाल्यांशी हुज्जत घालण्यात जातं. म्हणाला, "आजीच्या हौदात पाणी कुठून यायचं गं? विहीर नव्हती, नळ तर स्वयंपाकघरात होता." मला माहीत नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, "कुठून म्हणजे? हौदात यायचं." सव्वीस जानेवारीला जोडून तीन दिवस सुट्टी होती. म्हटलं, चल, जाऊन बघू.

दिवस पहिला, शनिवार

सहाला निघायचं ठरलं होतं, आठला निघालो. रांजणगावला गणपतीला बाहेरूनच हात जोडले, शिरूरला घोडनदी ओलांडली, आणि सुपं जवळ आलं तशा डाव्या हाताच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसायला लागल्या. तेवढ्यात गाडी एका बाजूला ओढायला लागली. मागचं डावं चाक बसलं होतं. दादानं ऐटीत डिकी उघडली, स्टेपनी काढली, आणि स्टेपनीतही हवा नव्हती. "गेल्या महिन्यात बघितली होती," हे त्याचं वाक्य पुढचे तीन दिवस मी त्याला ऐकवलं.

पंक्चरवाला मोटारसायकलवरून यायला तासभर लागणार होता. रस्त्याच्या कडेलाच हुरड्याची पाटी दिसली, तिकडे वळलो. घरचंच शेत, मोठा मांडव वगैरे काही नाही. जमिनीत खड्डा करून आगटी पेटवलेली, गोवऱ्यांचा आर फुललेला. आजीच्या वयाची एक बाई ज्वारीची कणसं त्या आरात खुपसत होती. दोन मिनिटांत कणीस बाहेर काढायचं, राख झटकायची आणि तसंच चटके सोसत तळव्यांत चोळायचं. फुंकर मारली की भुसा उडतो आणि हातात हिरवे, मऊ, दुधाळ दाणे उरतात. सोबत लसणाची चटणी, गूळ, शेंगदाणे. दादाला चोळता येईना, हात भाजले. ती बाई हसून म्हणाली, "पुण्याचे का?" दादा म्हणाला, "नाही, नगरचेच." मला बरं वाटलं. बाईंना पटलं नसावं.

नगरला पोचेपर्यंत तीन वाजले. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, पण स्टँडवर ओरडा 'नगर, नगर, नगर' असाच. वाड्याच्या जागी चार मजली इमारत आहे हे ठाऊक होतं, तरी बघायचं होतं. चौकाच्या जागी पार्किंग, हौदाच्या जागी साधारण एका पांढऱ्या ॲक्टिव्हाचं मागचं चाक. शेजारचा वाडा मात्र उभा होता. त्यातल्या काकू आम्हाला लहानपणी बोरं द्यायच्या. दाराला कुलूप होतं. समोरचा शिंपी म्हणाला, लेकीकडे श्रीगोंद्याला गेल्यात, परवा येतील.

संध्याकाळी माळीवाडा वेशीपर्यंत चालत गेलो. शहराचा तट हुसेन निजामशहानं बांधला, आता त्याचे तुकडे आणि वेशी उरल्यात. माळीवाडा वेस म्हणजे आमच्यासाठी गणपतीला जाण्याचा रस्ता. तिथे ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली, हाच पुढे नेपोलियनला हरवणारा, फौज घेऊन आला होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ८ तारखेला त्यानं पेठेच्या तटाला शिड्या लावल्या आणि पेठ घेतली, चार दिवसांत किल्लाही घेतला. इंग्रजांच्या छावणीत असलेल्या गोखले नावाच्या मराठी सरदारानं पुण्याला कळवलं होतं, त्याचा मतलब असा, की हे इंग्रज अजब लोक आहेत आणि त्यांचा सेनापती त्याहून अजब. सकाळी आले, तट पाहिला, चढून गेले, आतले सगळे मारले आणि न्याहारीला परत आले. दादानं वेशीखाली उभं राहून हे दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "आपणही न्याहारीला सहाला निघणार होतो."

दिवस दुसरा, रविवार

आज चांदबीबी महाल. नगरच्या कुठल्याही कोपऱ्यातून पूर्वेला बघितलं की डोंगरावर तो दिसतो. आजीच्या गच्चीवरूनही दिसायचा, आणि मामा सांगायचा की चांदबीबी तिथे उभी राहून मोगलांवर लक्ष ठेवायची. पाथर्डी रस्त्यानं भिंगार ओलांडून तेरा-चौदा किलोमीटर, मग वळणाचा घाट. गाडी थेट वरपर्यंत जाते. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून जास्त उंची, वारा असा की ओढणी दादाच्या तोंडावर.

आणि महाल नाहीच. कबर आहे. चांदबीबीचा तिच्याशी काही संबंध नाही. ही सलाबतखानाची कबर, मुर्तझा निजामशहाच्या वजिराची. तो वारला १५८९ च्या सुमारास. चांदबीबीनं नगरचा किल्ला लढवला तो त्यानंतर, १५९५-९६ मध्ये. ती मारली गेली १६०० मध्ये, तीही किल्ल्यातच आणि आपल्याच माणसांच्या हातून. लोकांनी राणी लक्षात ठेवली, वजीर विसरला आणि वजिराची इमारत राणीच्या नावावर लावून टाकली. आमच्या मामाचा यात एकट्याचा दोष नाही, आख्खं नगर हेच म्हणतं.

इमारत अष्टकोनी, तीन मजली, सुमारे सत्तर फूट उंच, नक्षी जवळजवळ शून्य. कमानीवर कमान, एवढंच. भिंतींच्या जाडीतून जिना जातो, आत अंधार, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. कबर तळघरात आहे. खाली वाकून जावं लागतं, आणि वरचा तो वाऱ्याचा घोंगाट एकदम बंद होतो. वरच्या मजल्यावर प्रत्येक कमानीत कुणाचं ना कुणाचं प्रेम खिळ्यानं कोरलेलं. इंग्रजांच्या काळात इथे नगरच्या छावणीतले आजारी गोरे सोल्जर हवापालटाला आणून ठेवायचे. थडग्यावर हवापालट ही कल्पना मला अजून पचलेली नाही.

या सलाबतखानाची एक गोष्ट फेरिश्तानं लिहून ठेवली आहे. फेरिश्ता म्हणजे दख्खनच्या इतिहासाचा मोठा लेखक. तो विजापूरचा म्हणून ओळखला जातो, पण लहानपणी बापाबरोबर नगरला आला, इथेच वाढला, याच मुर्तझाच्या पदरी नोकरीला होता. मुर्तझाला लोक 'दिवाणा' म्हणायचे. वर्षानुवर्षं तो कुणाला भेटायचा नाही, बागेत कोंडून घ्यायचा, आणि राज्य वजीर चालवायचा. एक दिवस राजाची मर्जी फिरली आणि निरोप गेला की तुला कैद. सलाबतखानाच्या हाताखाली फौज होती, त्यानं मनात आणलं असतं तर राजालाच कोंडलं असतं. त्यानं फक्त विचारलं, कुठल्या किल्ल्यात? उत्तर आलं, दंडाराजपुरी. त्यानं स्वतःच्या हातानं बेड्या चढवल्या, पालखीत बसला आणि म्हणाला, न्या.

दादा कठड्यावर बसून हे ऐकत होता. म्हणाला, "सेक्रेटरीपद असंच असतं." 

खाली बघितलं तर सगळा मुलूख पिवळा-करडा. आम्ही लहान असतानाही नगर म्हणजे दुष्काळ, चारा छावण्या, टँकर. आणि या माणसाचं नाव जिथे जिथे निघतं तिथे पाणी निघतं. डोंगराच्या दक्षिणेला भातोडीचा तलाव आहे, मेहेकरी नदीवरचा, तोही सलाबतखानानंच बांधल्याचं सांगतात. आज जो तलाव दिसतो तो इंग्रजांनी १८७० च्या दशकात दुरुस्त करून घेतलेला. आमच्या यादीत भातोडी नव्हतंच. डोंगर उतरताना ठरवलं.

रस्ता आतला, खड्ड्यांचा. दादा स्टेपनीच्या आठवणीनं वीसच्या वर जात नव्हता. भातोडीत १६२४ मध्ये मोठी लढाई झाली. एका बाजूला मलिक अंबर आणि निजामशाहीतर्फे लढणारे शहाजीराजे, दुसरीकडे मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र. अंबराकडे माणसं कमी, म्हणून त्यानं तलावाचं पाणी सोडलं. शत्रूच्या छावणीत चिखल झाला, तोफा आणि जनावरं रुतली, रसद अडली, मग त्यानं छापा घातला आणि जिंकला. या लढाईत शहाजीराजांचे सख्खे धाकटे भाऊ शरीफजी पडले. गावात त्यांची समाधी आहे. शरीफजी हे शिवाजी महाराजांचे सख्खे चुलते. पण आम्हाला शाळेत शहाजीराजांबरोबर कधी भेटलेच नाहीत. मालोजीराजांनी शाहशरीफ या पिराच्या नवसानं दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही गोष्ट सांगितली जाते, आणि त्या शाहशरीफांचा दर्गाही नगरमध्येच आहे. दोन भाऊ बरोबर लढायला गेले, एकच परत आला. समाधीपाशी आम्ही दोघंही जरा वेळ काही बोललो नाही. मग दादानं विचारलं, "भूक लागलीय का?" त्याची ही पद्धत आहे.

जेवण रस्त्यावरच्या खानावळीत. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, शेवभाजी. झकास.

परत येताना भिंगारजवळ आलमगीर लागतं. औरंगजेब १७०७ मध्ये इथल्याच छावणीत मेला, मग त्याला खुलताबादला नेऊन पुरलं. पंचवीस वर्षं दख्खन जिंकायला आलेला माणूस, शेवट भिंगारला. आम्ही थांबलो नाही, कारण ऊन उतरायच्या आत फराहबाग गाठायची होती.

फराहबागेबद्दल काय सांगू? मी नगरला निदान वीस उन्हाळे काढले असतील. सोलापूर रस्त्याच्या बाजूला, गावापासून हाकेच्या अंतरावर हे आहे आणि मला कुणी कधी नेलं नाही, ह्याचा मला अजून राग येतोय. बाभळींतून वाट जाते आणि एकदम समोर मोठा कोरडा खड्डा, त्याच्या मधोमध एक प्रचंड अष्टकोनी वास्तू. हा खड्डा म्हणजे तलाव. दिवाण्या मुर्तझासाठी बांधलेला हा जलमहाल. पहिल्यांदा बांधून झाला तेव्हा राजाला आवडला नाही, पाडा म्हणाला. मग नव्यानं बांधायचं काम आलं आपल्या सलाबतखानाकडे. राजाला वर्षानुवर्षं एकटं राहता यावं म्हणून वजिरानं पाण्यात घर बांधून दिलं.

आता तलावात गुडघाभर वाळलेलं गवत आहे. आम्ही बांधावरून आत गेलो. मधलं दालन दोन मजले उंच, वर घुमट, चारी बाजूंना कमानींतून बाहेरचं ऊन आत येतं आणि मधे येईपर्यंत थंड होतं. चुन्याचा गिलावा ठिकठिकाणी निखळलाय, तिथून आतल्या विटा-दगडांचं काम उघडं पडलंय. मी हात फिरवला तर जुना गिलावा काचेसारखा गुळगुळीत, आणि त्याला लागूनच कधीतरी कुणी केलेली सिमेंटची डागडुजी, खरबरीत. एक टाळी वाजवली. कबुतरं उडाली, आवाज घुमटाला जाऊन परत आला. दादानं दुसरी वाजवली. मग आम्ही दोघं, वय वर्षं अठ्ठेचाळीस आणि त्रेचाळीस, बराच वेळ टाळ्या वाजवत उभे होतो.

आजूबाजूला मैलभर पाण्याचा थेंब नाही. मग तलाव भरायचा कसा? तेच, आजीच्या हौदाचं उत्तर: खापरी नळ. कापूरवाडी, वडगाव, शहापूर अशा आसपासच्या गावांकडून, डोंगरांच्या पायथ्याचं पाणी विहिरीत गोळा करायचं, भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून सांधे चुन्यानं बुजवायचे, वरून दगड-चुन्याचं कवच घालायचं आणि जमिनीखालून ही ओळ शहरात आणायची. पंप नाही, दट्ट्या नाही, फक्त उतार. मैलामागून मैल उतार इतका बेताचा ठेवायचा की पाणी थांबणार नाही आणि नळही फुटणार नाहीत. मधे मधे हवा सुटायला आणि गाळ काढायला उभी भोकं. निजामशाहीच्या पहिल्या दिवसांपासून हे काम सुरू झालं. शहर १४९४ मध्ये वसलं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत वडगावच्या बाजूचं पाणी हश्त-बेहेश्त बागेत खेळवलं गेलं. शहरात ते सार्वजनिक हौदांत यायचं, मशिदींत यायचं, वाड्यांत यायचं.

मुर्तझाला हे पाणी काही लाभलं नाही. १५८८ मध्ये त्याच्या मुलानंच त्याला हमामखान्यात कोंडून, खाली जाळ करून मारलं. परतताना गाडीत हे सांगितलं तर दादा म्हणाला, रात्री गीझर लावणार नाही.

दिवस तिसरा, सोमवार

सव्वीस जानेवारी. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, पण आज लोकांना आत सोडतात. निम्मं नगर आलेलं. पांढऱ्या गणवेशातली पोरं, छातीला कागदी झेंडे. खंदकावरून आत गेलं की पहिल्यांदा बुरुजांच्या जाडीचाच धाक वाटतो. हाच किल्ला चांदबीबीनं रातोरात खिंडार बुजवून राखला. नंतर नाना फडणीस इथे कैदेत होते. आणि ऑगस्ट १९४२ पासून नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी आणि बाकीचे. नेहरूंची खोली बघायला रांग होती. त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे पाच महिन्यांत लिहिलं, एप्रिल ते सप्टेंबर १९४४. मला मात्र आझाद आठवत राहिले. ते आत असताना एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांची बायको वारली. भेट झालीच नाही. रांगेत पुढे सेल्फी चालली होती, आम्ही बाहेर आलो.

दमडी मशिदीपाशी दहाच मिनिटं थांबलो. १५६७ ची. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दमडी दमडी काढून बांधली असं म्हणतात. खरं-खोटं काही असो, दगडातलं कोरीवकाम मजुरांनीच केलं असणार एवढं नक्की. बागरोझ्यालाही गेलो. तिथे शहर वसवणारा अहमद निजामशहा आहे आणि जवळच म्हणे एका हत्तीची कबर, तालिकोटच्या लढाईत रामरायाला पकडणारा गुलामअली हत्ती. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "हत्तीची कबर बघितलीत, हौदाचं काय?"

काकू परत आल्या होत्या. दार उघडल्या उघडल्या दादाला म्हणाल्या, "पोट सुटलं रे." चहा झाला, चिवडा झाला, कोण गेलं कोण राहिलं झालं. मग हळूच विचारलं. काकू म्हणाल्या, "आमचा आहे की. तुमच्या आजीचा आणि आमचा एकाच नळावरचा. तुमचा भरला की आमच्यात यायचं." आजीनं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. आजी आणि काकू तशाही उन्हाळ्यात एकमेकींशी बोलायच्या नाहीत, आणि आता कारण कळलं.

मागच्या चौकात हौद होता. फळ्यांऐवजी वर पत्रा. आत गौरी-गणपतीच्या मखराचं सामान, थर्माकोलचे खांब, एक तुटकी सायकल, नातवाचा पाळणा. पाणी कधी बंद झालं, काकूंना नेमकं सांगता येईना. "आधी बारीक झालं, मग फक्त पावसाळ्यात यायचं, मग कुठेतरी रस्ता खणला तेव्हा गेलं ते गेलंच."

दादानं सामान बाहेर काढलं आणि आत उतरला. मी वर, चार हात लांब. एका कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर दगडाला गोल भोक, त्यात बसवलेला भाजलेल्या मातीचा नळ, वीतभर रुंद, कडेला चुना अजून पांढरा. दादानं मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं. मग बाही सरकवून कोपरापर्यंत हात घातला.

"काही आहे का?"

"गार आहे."

"पाणी?"

"नाही. नुसतं गार."

हात बाहेर काढला तर मुठीत जाळी, माती आणि कोरडं मूळ, कुठल्या तरी झाडाचं, पाण्याच्या वासानं आत शिरलेलं. त्याच्या शर्टाची एक बाही पूर्ण काळी. काकूंनी आतून स्टीलचा तांब्या आणला आणि ओट्यावरचा निळा वीस लिटरचा जार तिरका करून भरला. "जपून ओत," मला म्हणाल्या, "जारवाला आता परवाच येणार आहे."